नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

खान्देशातल्या घरांत पूर्वी एकच आरोळी ठरलेली असायची. ‘लाइट गेली!’ आता तिला जोडीदार मिळालाय. ‘नेट गेलं!’ स्वयंपाकघरात मोबाइलवर सिरियल लावून पोळ्या लाटणारी काकू ओरडते, गच्चीवर गेम खेळणारा पोरगा ओरडतो आणि वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा अशा अवतारात क्लायंटसमोर बसलेला दादा तर रडकुंडीलाच येतो. मग कुणीतरी जाऊन राऊटरचं बटण बंद करतं, दहापर्यंत आकडे मोजतं, पुन्हा चालू करतं. आलं तर देव पावला. नाही आलं तर कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार!

बॉस, याला उपाय म्हणत नाहीत. हा नवस झाला.

आता तुम्ही म्हणाल, या पानावर कपडे, कॉफी, करिअर सोडून राऊटर कुठून आला? तर मंडळी, आपल्यातल्या कितीतरी जणांचं करिअरच सध्या त्या डबीवर उभं आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि पुण्या-मुंबईतून बॅगा भरून आपली पोरं-पोरी जळगावला, धुळ्याला परतली. त्याआधी बीपीओ, कॉल सेंटरवाल्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यायचं म्हणजे दूरसंचार विभागाच्या नियमांचं केवढं तरी लचांड होतं. मार्च २०२० मध्ये ते नियम तात्पुरते सैल झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तर नोंदणीची अटच निघाली. थोडक्यात, दार दिल्लीने उघडलं. ते उघडं ठेवायचं काम मात्र आपल्या टीव्हीमागे धूळ खात पडलेल्या राऊटरकडे आलं.

माझा मावसभाऊ या परतलेल्यांपैकीच एक. नोकरी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत, मुक्काम धुळ्यात. जुन्या गावातल्या त्या नंबरवाल्या गल्ल्या माहीत आहेत ना, त्यातल्या एका गल्लीत मावशीचं घर आहे. काकांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्यांना नेणं, आणणं, मध्ये चार तास हॉस्पिटलच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसणं हे सगळं हा पठ्ठ्या नोकरी सांभाळून करतो. सगळं मस्त बसलं होतं. फक्त संध्याकाळी साडेपाचच्या टीम कॉलला नेट दगा द्यायचं. एकदा झालं, दोनदा झालं, पाचदा झालं. शेवटी मॅनेजरने अगदी शांतपणे सांगितलं, महिनाअखेरपर्यंत कनेक्शन सुधारलं नाही तर पुण्याला ऑफिसात येऊन बसावं लागेल.

त्या रात्री त्याचा फोन आला. ‘ताई, शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे गं. दोनशेचा घेऊ का?’

‘अजिबात नको,’ मी म्हटलं.

का ते सांगते. चांगल्या क्वालिटीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात तर २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं! शंभराचा प्लॅन असून कॉल तुटतो, तर दोनशेचा घेऊनही तुटणारच. नळाची तोटी मोठी केली म्हणून मध्येच फुटलेला पाइप जुळत नाही. आपल्याकडे नव्वद टक्के भांडणं स्पीडवरून होतात, पण बहुतेक वेळा खरं दुखणं असतं खंड पडण्याचं. स्पीड टेस्ट तेवढ्या क्षणाचा फोटो काढते. कॉल तुटला तेव्हा काय झालं हे ती सांगत नाही.

मास कॉम करताना आम्हाला एक फंडा घोटून घोटून शिकवला होता. बातमी कोणतीही असो, सहा प्रश्न विचारायचे. काय, कुठे, कधी, कोण, का आणि कसं. राऊटरलाही हेच प्रश्न लावायचे. आणि सुरुवात करायची ‘कुठे?’पासून.

कुठे तुटतंय?

तुमच्या लॅपटॉपपर्यंत नेट तीन टप्प्यांत येतं. पहिला टप्पा ‘रस्ता’, म्हणजे कंपनीपासून तुमच्या घरापर्यंतची फायबर लाइन. दुसरा ‘डबी’, म्हणजे मोडेम, राऊटर आणि त्यांना मिळणारी वीज. तिसरा ‘हवा’, म्हणजे राऊटर ते लॅपटॉप हे बिनतारी अंतर. ‘वाय-फाय’ म्हणजे फक्त हा तिसरा टप्पा. पण आपण तिन्हींना मिळून ‘वाय-फाय गेलं’ म्हणतो आणि मग शोध भलतीकडेच सुरू होतो.

टप्पा ओळखायला इंजिनिअर लागत नाही.

पहिली गोष्ट, दिवे बघा. फायबरच्या डबीवर ‘पॉन’ नावाचा दिवा असतो, तो स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला, तर डबीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये. म्हणजे बिघाड रस्त्यात. कुठेतरी जेसीबीने खोदकाम केलंय, खांबावरची वायर तुटलीय, नाहीतर घरातच कपाटामागे ती पिवळी नाहीतर पांढरी बारीक वायर दाबून मोडलीय. अशा वेळी बटणाशी शंभरदा खेळलात तरी उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट, लॅपटॉप साध्या लॅन वायरने थेट राऊटरला जोडा. वायरवर सगळं सुरळीत आणि वाय-फायवर बोंब? मग दोषी हवा. वायरवरही तीच बोंब? मग हवेला सोडा, रस्ता नाहीतर डबी धरा.

तिसरी गोष्ट आमच्या मावसभावाला जाम आवडली. कॉम्प्युटरवर कमांडच्या दोन काळ्या खिडक्या उघडायच्या. एकीत ‘पिंग’ लिहून पुढे राऊटरचा पत्ता टाकायचा. तो बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डबीच्या पाठीवरच्या स्टिकरवरही सापडतो. दुसऱ्या खिडकीत ‘पिंग’पुढे ८.८.८.८ लिहायचं, म्हणजे गुगलच्या सर्व्हरला हाक. विंडोजवर शेवटी ‘डॅश टी’ जोडलं की तुम्ही थांबवेपर्यंत हाका चालू राहतात. कॉल अडखळला की या खिडक्यांकडे बघायचं. राऊटर उत्तर देतोय आणि गुगल गप्प? भानगड घराबाहेर. राऊटरच गप्प किंवा अडखळत बोलतोय? भानगड घरात. सॉल्लिड सोपं!

कधी तुटतंय?

हा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि सगळ्यात जास्त उत्तरं यातच दडलेली असतात. मी त्याला दोन आठवडे एका वहीत फक्त तारीख आणि वेळ लिहायला सांगितलं. बाकी काही करायचं नाही. डबी बंद-चालूसुद्धा नाही.

दोन आठवड्यांनी वही उघडली तर मजाच. नेट रोज जात नव्हतं. मध्ये काही दिवस कोरे, मग एका संध्याकाळी तीन-तीनदा, पुन्हा काही दिवस कोरे. आणि दरवेळी वेळ साधारण साडेपाच ते साडेसहा. आम्ही दोघं फोनवर डोकं खाजवत होतो. मागून मावशीने वहीत डोकावलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, ‘ह्या तं नळना दिन शेतस!’

नळाचे दिवस! त्यांच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं आणि मावशी ते वार कॅलेंडरवर गोल करून ठेवते. पाणी आलं की अख्ख्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू. त्यासरशी व्होल्टेज धाडकन खाली. मावशीकडे इन्व्हर्टर आहे, तो लगेच बॅटरीवर उडी मारतो. पण ही उडी मारताना निमिषभर वीज तुटते. पंख्याला ते कळत नाही. दिव्याला कळत नाही. लॅपटॉप तर स्वतःच्या बॅटरीवर मजेत असतो. कळतं फक्त राऊटरला. तो बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा कामाला लागायला दोन-तीन मिनिटं घेतो. घरात लाइट गेलेलीच नसल्यामुळे विजेवर कुणाचा संशयच जात नव्हता.

खात्री कशी केली? राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘अपटाइम’ नावाची एक ओळ असते. डबी सलग किती वेळ चालू आहे, ते ती सांगते. पुढच्या नळाच्या दिवशी सहा वाजता त्याने बघितलं. अपटाइम, अकरा मिनिटं. चोर सापडला!

उपाय दोन. एक फुकटचा. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे नाहीतर पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं एक बटण असतं. ते यूपीएसवर ठेवलं की बॅटरीवर जायची उडी झटपट होते आणि डबी बहुधा तग धरते. दुसरा उपाय हजार-दीड हजाराच्या आसपासचा, म्हणजे राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. पुस्तकाएवढी डबी असते, आत बॅटरी. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात, पण बघितल्याशिवाय जोडू नका. आणि फायबरची डबी आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. एकालाच दिला तर बैलगाडीला एकच बैल जुंपल्यासारखं होईल.

हवा खराब आहे, ताई!

इकडे जळगावात माझी कथा निराळी. रिंग रोडजवळच्या अपार्टमेंटमध्ये माझा टू बीएचके. वीज ठीक, रस्ता ठीक, पण रात्री आठनंतर वाय-फाय रांगायला लागायचं. मोबाइलवर मात्र सिग्नलच्या काड्या फुल्ल! तक्रार केली, एक टेक्निशियन भाऊ आले. त्यांनी वायर लावून तपासलं आणि हसत म्हणाले, ‘लाइन टकाटक आहे ताई. तुमच्या बिल्डिंगची हवा खराब आहे.’ मग मोबाइलवर एक अॅप उघडून दाखवलं. माझ्या सोफ्यावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांची तेवीस नेटवर्कं दिसत होती.

झालं असं, की वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो जानेवारी २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला. दुनियाभरची जुनी-नवी यंत्रं त्यावरच बोलतात. ब्लूटूथचं बोलणंही तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गुरगुरही तिथेच. या पट्ट्यात नावाला तेरा चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या पायात न येणारे फक्त तीन. १, ६ आणि ११. लग्नाच्या हॉलमध्ये तीन टेबलं आणि तेवीस कुटुंबं अशी अवस्था! एकाच चॅनेलवरचे राऊटर निदान रांग लावून बोलतात. पण कुणी मध्येच ३ किंवा ८ नंबर धरून बसलं, तर दोन्हीकडच्या टेबलांना नुसता गोंगाट ऐकू येतो. काड्या फुल्ल असतात कारण तुमच्या राऊटरचा आवाज मोठा असतो. हॉलमध्ये गर्दी किती, हे काड्या सांगत नाहीत. आणि रात्री आठलाच का? अहो, सगळी बिल्डिंग त्याच वेळी घरी येऊन सिनेमा लावते.

यावर उतारा म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्याचा भलामोठा भाग विनापरवाना खुला केला. इथे चॅनेल भरपूर, गर्दी कमी. अडचण एकच, या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. त्यामुळे राऊटर असलेल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४ अशी वाटणी करायची. दोन्हींना सेटिंगमध्ये वेगवेगळी नावं द्या म्हणजे लॅपटॉप स्वतःच्या मनाने जुन्या पट्ट्यावर जाऊन बसणार नाही. २.४ वर राहावंच लागलं तर १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळा चॅनेल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सेटिंगमध्ये ४० दिसेल, मोह आवरा. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला वायरच लावा. तेवढीच हवेतली गर्दी कमी.

आपले खास खान्देशी दुश्मन

राऊटर विकणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं आपली घरं बघून लिहिलेली नसतात. म्हणून ही आपली यादी.

कूलर : लोखंडी पत्र्याचं शरीर आणि पोटात पाणी. पत्रा लहरींना परतवतो, पाणी त्यांना गिळतं. राऊटर आणि टेबल यांच्या मध्ये कूलर आला की उन्हाळ्याचे चार महिने नेट रुसणार. कूलर हलत नसेल तर राऊटर हलवा.

लोखंडी कपाट : आईच्या लग्नातलं ते कपाट, त्याला मोठा आरसा. राऊटर त्याच्या मागे नाहीतर वर अजिबात नको. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांच्या मांडणीलाही हाच नियम.

जाड भिंती : जुन्या वाड्यांच्या, धाब्याच्या घरांच्या दीड-दोन फुटी भिंती उन्हाळ्यात स्वर्ग, वाय-फायला तुरुंग. धुळ्यातल्या मावशीच्या घरात ओटा, बैठक, माजघर आणि मग भावाची खोली असा सरळ लांब बोगदा आहे. डबी बैठकीत, हा शेवटच्या खोलीत. अशा घरात बाजारातला स्वस्त रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुन्हा बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. त्यापेक्षा लॅनची वायर शेवटच्या खोलीपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा राऊटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावा. ही वायर १०० मीटरपर्यंत आरामात चालते, आपल्या घराला पंधरा-वीस मीटर खूप झाले.

ऊन : बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. आपला मे महिना ४४-४५ ला सुरू होतो! वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, बंद शोकेसमध्ये ठेवलेली डबी दुपारी झीट येऊन पडते आणि संध्याकाळी आपोआप शुद्धीवर येते. ‘दुपारीच जातं’ असं वहीत दिसलं, तर तिला शोकेसमधून बाहेर काढा, भिंतीला मोकळी टांगा, खालच्या मजल्यावर न्या. वर क्रोशाचा रुमाल घालू नका, प्लीज!

रस्ताच खराब असेल तर?

मग घरात कितीही सुधारणा करा, तक्रार करावीच लागणार. पण ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार करू नका. वही समोर ठेवा आणि सांगा, अमुक तारखेला अमुक वाजता लॉसचा दिवा लाल होता, वायरवरही नेट नव्हतं, राऊटर उत्तर देत होता. समोरच्याचा सूरच बदलतो, स्वानुभव आहे. तक्रारीचा नंबर मागून घ्या. टेक्निशियन आला की त्याला मीटरवर प्रकाशाची ताकद किती येते ते विचारा. आकडा ‘मायनस’मध्ये असतो. उणे २० च्या आसपास असेल तर झकास. उणे २७ किंवा त्याहून खाली गेला असेल तर जोड नाहीतर वायर बदलून मागा. आणि दाद लागलीच नाही तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत अपील करायची सोय असते. कस्टमर केअरच्या वर जाता येतं, हे लक्षात असू द्या.

महत्त्वाच्या मीटिंगपुरता प्लॅन बी हवाच. मोबाइलचा हॉटस्पॉट, पण फायबर ज्या कंपनीचं तिचंच सिम नको. खोदकामात एका कंपनीची केबल तुटली, तर निदान दुसरी वाचलेली असण्याची आशा असते.

धुळ्याच्या मोहिमेचा हिशेब सांगते. छोटा यूपीएस, वीस मीटर वायर आणि माळ्यावर पडलेला जुना राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून. सगळं तीन हजारांच्या आत. पुण्यात या पैशांत महिन्याभराची कॉटसुद्धा मिळत नाही. नंतरच्या नळाच्या दिवशी गल्लीभर मोटारी घुमत होत्या, दिवे मिचमिचत होते आणि साडेपाचचा कॉल सव्वासहापर्यंत बिनबोभाट चालला. महिनाअखेर आली आणि गेली. मॅनेजरने विषयही काढला नाही. काकांना हॉस्पिटलला न्यायला अजून तोच जातो.

आपल्याकडे लोक म्हणतात, गावात राहून करिअर होत नाही. काही बाबतींत खरंही असेल. पण एखाद्याला गाव सोडावं लागणार असेल तर ते त्याच्या मर्जीने सोडू दे. बाराशे रुपयांच्या बॅटरीपायी नको.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नेट गेलं’ अशी आरोळी आली की बटणाकडे धावू नका. आधी विचारा, काय गेलं, कुठे गेलं, कधी गेलं? आणि हो, नळाला पाणी आलंय का तेही एकदा बघून घ्या.